हानखौ: गाव इकडे, कचेरी नदीपलीकडे

पाणवठा

२०१७ मध्ये कंपनीच्या कामाने चार महिने वुहानला होतो. काम पंप बसवण्याचं, मुक्काम यांगत्सेच्या डाव्या तीरावर, जिआंगआन नावाच्या भागात. भाषेची बोंब असल्यामुळे संध्याकाळी नदीकाठी जाऊन बसणं एवढीच करमणूक.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकली. तिथला जो तो त्या भागाला हानखौ म्हणतो. रेल्वे स्टेशन हानखौ, एका बँकेचं नाव हानखौ, जुन्या इंग्रजी नकाशांवर ठळक अक्षरांत 'हँको'. पण पोलीस चौकीत राहण्याची नोंद करताना जो कागद भरला, त्यात हानखौ कुठेच नाही. ना जिल्हा, ना वॉर्ड. दुभाष्या म्हणाला, सरकारदरबारी हानखौ असं काही नाहीच. तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. नंतर जे वाचलं ते इथे टाकतोय. चिनी बंदराशी आपलं काय घेणंदेणं, असं वाटेल. पण हद्द, दप्तर आणि पूर हे तीन शब्द ज्यांना कळतात त्यांना गंमत वाटेल असा अंदाज आहे.

आधी भूगोल. आजचं वुहान म्हणजे तीन गावांची मोट. यांगत्सेच्या उजव्या तीरावर वुछांग, तटबंदीचं, सुभेदारांचं आणि सरकारी नोकरीच्या परीक्षांचं गाव. डाव्या तीरावर हान नदी येऊन मिळते. त्या संगमाच्या दक्षिणेला हानयांग, तेही तटबंदीचं, जिल्ह्याचं ठाणं. आणि संगमाच्या उत्तरेला हानखौ. नावाचा अर्थच 'हानचं मुख'. व्यापारात तिघांत थोरलं, अधिकाराच्या उतरंडीत तळाला.

हे असं झालं ते नदीमुळे. पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हानखौ नव्हतंच. मिंग घराण्याच्या छंगह्वा राजवटीत (१४६५ ते १४८७) हान नदीने पात्र बदललं आणि ती हानयांगच्या उत्तरेकडून यांगत्सेला मिळू लागली. हानयांगचा एक ओलाचिंब, बोरूने भरलेला पट्टा एका झटक्यात नदीपलीकडे गेला. जमीन पलीकडे गेली, दप्तर मात्र अलीकडेच राहिलं. नव्या मुखाशी होड्यांना आसरा मिळाला, होड्यांमागे वखारी आल्या, वखारींमागे माणसं. पुढची चारशे वर्षं हा सगळा पसारा हानयांगच्या मॅजिस्ट्रेटच्या हद्दीत मोडत होता. साहेब त्या तीरावर, गाव या तीरावर, मधे होडी.

चिनी लोक जुन्या 'चार मोठ्या पेठा' म्हणून ज्यांची नावं घेतात त्यांत हानखौ आहे. बाकीच्या तीन म्हणजे फोशान, जिंगदेझेन आणि झूशिएनझेन. यांपैकी एकही जिल्ह्याचं ठाणं नव्हतं. सगळ्या नुसत्या पेठा, कुणा दुसऱ्याच्या हद्दीतल्या. हा योगायोग नसावा असं माझं मत आहे. जिथे कचेरी, तिथे साहेबाची नजर. व्यापाऱ्याला जरा लांबच बरं वाटतं.

हानयांगच्या साहेबाने हानखौत दोन फौजदार बसवले होते, अधिकाऱ्यांच्या शिडीतली सगळ्यात खालची पायरी. गावाचे चार भाग होते: जूरेन, यौयी, शूनली आणि दाझी. ही नावं कन्फ्यूशियसच्या चार गुणांवरून आली, माणुसकी, न्याय, मर्यादा आणि शहाणपण. पहिले दोन भाग एका फौजदाराकडे, उरलेले दोन दुसऱ्याकडे. म्हणजे अर्ध्या गावाला माणुसकी आणि न्याय, अर्ध्याला मर्यादा आणि शहाणपण. पुढे वरचा एक अधिकारीही इकडे राहायला आला, पण गाव खऱ्या अर्थाने चालवलं ते व्यापाऱ्यांच्या पंचायतींनी.

हानखौत अस्सल हानखौचा माणूस सापडणं कठीण. मीठवाले हुएझौचे, पैशाची उलाढाल करणारे शान्शीचे, चहा-तांदळाचे हुनानचे, शिवाय कँटनचे आणि निंगबोचे. प्रत्येक गावकीचं स्वतःचं सभागृह, त्यातच देऊळ, नाटकाचा मंच आणि मयत झालेल्या गाववाल्याची शवपेटी गावी जाईपर्यंत ठेवायची सोय. तराजूचं माप कोणतं, दलाली किती, हे पंचायत ठरवणार. रस्त्याची फरसबंदी, आगीचे हातपंप, बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या होड्या, बेवारस प्रेतांचं दफन, सगळं वर्गणीतून. साहेब जकातीपुरता आणि खुनाच्या पंचनाम्यापुरता.

१८५२च्या डिसेंबरात तैपिंग बंडवाले आले आणि पुढच्या चार वर्षांत हे गाव हातोहात फिरलं, लुटलं गेलं, जळलं. राखेतून नुकतं उठत असताना, डिसेंबर १८५८ मध्ये, लॉर्ड एल्गिनची ब्रिटिश लढाऊ जहाजं नदीतून थेट हानखौपर्यंत आली. समुद्रापासून हजारएक किलोमीटर आत! त्याच वर्षीच्या तिआनजिनच्या तहाने यांगत्सेवरची बंदरं उघडायचं ठरलं होतं. १८६१ मध्ये ब्रिटिशांनी नदीकाठची ४५८ मू जमीन (मू म्हणजे एकराचा साधारण सहावा हिस्सा) कायमच्या भाडेपट्ट्याने घेतली. मग तीस-पस्तीस वर्षं शांतता, आणि १८९५ला जर्मन, १८९६ला रशियन आणि फ्रेंच, १८९८ला जपानी. ब्रिटिश, रशियन, फ्रेंच, जर्मन, जपानी अशा पाच हद्दी, प्रवाहाच्या दिशेने एकापुढे एक, साडेतीन किलोमीटरच्या आसपासच्या काठावर. सकाळी फिरायला निघालेला माणूस नाश्त्याच्या आत पाच कायद्यांखालून जाऊन यायचा.

मला सगळ्यात आवडलेला भाग कस्टम्सचा. सुरुवातीला हानखौच्या मालाची जकात शांघायला भरली जायची आणि प्रांताच्या हाती धुपाटणं यायचं. सुभेदाराने ओरड केली, तेव्हा १ जानेवारी १८६२ला हानखौचं कस्टम्स उघडलं. त्याची घडण अशी: जकात किती ते ठरवणार परदेशी कमिशनर, चिनी सरकारचाच पगारी नोकर. पैसा मात्र त्याच्या हातात जायचा नाही. व्यापारी तो नेमलेल्या पेढीत भरणार आणि त्यावर ताबा चिनी दाओताईचा, म्हणजे विभागाच्या आयुक्तासारख्या अधिकाऱ्याचा. एकाकडे पावतीपुस्तक, दुसऱ्याकडे गल्ला. त्यासाठी हा दाओताई हानखौलाच राहू लागला. गाव जन्मल्यापासून चारशे वर्षांनी, वजनदार म्हणावा असा अधिकारी प्रथमच इकडच्या तीरावर आला, आणि तोही गावासाठी नव्हे, जकातीसाठी.

शेवटी १८९८-९९ मध्ये हूगुआंगचे (हुबेई-हुनान प्रांतांचे) सुभेदार झांग झीदोंग यांनी हानखौ हानयांगपासून तोडून वेगळा महाल (तालुक्यासारखा विभाग) केला. त्याचं नाव काय ठेवलं? शिआखौ. हानखौ नाहीच! १९१२ मध्ये त्याचाच शिआखौ जिल्हा झाला. 'हानखौ' हे नाव सरकारी पाटीवर आलं ते १९२६च्या अखेरीस, नगरपालिका झाली तेव्हा. आणि १९४९च्या मे महिन्यात तिन्ही गावं मिळून वुहान झालं, पाटी उतरली. मधली जोडतोड सोडून द्या, पण पाच शतकांच्या गावाला स्वतःच्या नावाची कचेरी मिळाली ती जेमतेम तेवीस वर्षं. आज त्याच गावाचे जिआंगआन, जिआंगहान आणि छिआओखौ असे तीन जिल्हे आहेत.

पुराचं मुद्दाम ठेवलंय. कुणी विचारलं तर लिहीन.

---

निवृत्त_नायब

लेख आवडला. महसूल खात्यात पस्तीस वर्षं काढली, त्यामुळे 'जमीन पलीकडे, दप्तर अलीकडे' वाचून हसू आलं. आमच्याकडे नदीने पात्र बदललं की दोन गावांचे लोक काठ्या घेऊन उभे. शंका अशी, ब्रिटिशांनी ४५८ मू घेतले म्हणता, ते कुणाकडून? एकेका खातेदाराकडून की सरकारकडून? आणि सारा कोण भरत होतं?

---

पाणवठा

नायबसाहेब, नेमका प्रश्न. शांघायमध्ये परदेशी माणूस एकेका चिनी मालकाकडून जमीन घ्यायचा. हानखौत तसं नाही. सगळा पट्टा चिनी सरकारने ब्रिटिश सरकारला भाड्याने दिला आणि ब्रिटिश सरकारने त्याचे प्लॉट पाडून पोटभाड्याने दिले. वार्षिक सारा चिनी सरकारलाच. म्हणजे कागदोपत्री मालकी चीनची, पण पोलीस, कर, गटारं, कोर्ट सगळं ब्रिटिशांचं. वर ब्रिटिश कॉन्सल, खाली करदात्यांनी निवडलेली नगर समिती. गस्तीला पगडीवाले शीख शिपाई. चिनी माणसाला नदीकाठच्या बागेतल्या बाकावर बसायची मुभा नाही, ओझी वाहायची होती.

---

खडूस_खरे

सगळं ठीक, पण लेखकाचा कल दिसतो. पंचायतींचं कौतुक करायचं आणि परक्यांच्या वेळी बाकावर बसू दिलं नाही एवढंच सांगायचं. नदीकाठचा दगडी धक्का कुणी बांधला? बँका कुणी आणल्या? तुमची ती बोरूची दलदल इंग्रजांनी शहर केली, हे मान्य करायला काय जातं?

---

पाणवठा

खरेकाका, धक्का त्यांनी बांधला, मान्य. बँकाही. चार्टर्ड बँक १८६३ मध्येच आली होती (तिच्या पूर्ण नावात 'इंडिया' पहिलं, 'चायना' शेवटचं). पण इंग्रज आले ते गाव मोठं होतं म्हणून. दलदलीत व्यापार करायला हजार किलोमीटर नदी चढून कोण येतं?

आणि दलदल काढली कुणी, तेही सांगतो. हानखौ म्हणजे पुढे नदी आणि मागे तळी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. मागच्या बाजूला १६३५ मध्ये युआन नावाच्या अधिकाऱ्याने बांध घातला होता, त्याच्या बाहेर खंदक. १८६४ मध्ये बंडखोरांच्या भीतीने मागे तट बांधला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झांग झीदोंगने तो तट पाडून रस्ता केला, तोच आजचा झोंगशान रस्ता. पण त्याच्याही आधी, १९०५ मध्ये, त्याने गावाच्या खूप मागे जवळपास तेवीस किलोमीटरचा मातीचा बांध घातला. लोक त्याला अजून 'झांगसाहेबाचा बांध' म्हणतात. बांध पुरा होताच मागची सगळी तळी पुरापासून सुटली. लिऊ शिनशेंग नावाच्या एका दलालाने (परदेशी पेढ्यांचा चिनी मुनीम) ती पाण्याखालची जमीन कवडीमोलाने घेऊन ठेवली होती. भराव घातला, प्लॉट पाडले, आणि लोक त्याला 'जमिनीचा बादशहा' म्हणू लागले. तर परक्यांची हद्द ही नदीकाठची एक कड. शहराचा विस्तार झाला तो बांधाच्या आत, चिनी पैशाने आणि चिनी मातीने.

तट गेला, पण वेशींची नावं उरली. दाझीमेन, शूनलीमेन म्हणतात, तिथे वेस नाही. लिऊदूछिआओ म्हणजे 'सहा-उतार पूल', तिथे पूलही नाही आणि ज्यावर तो होता तो खंदकही नाही.

---

गिरगावची_गौरी

अगदी आमचं धोबी तलाव! तलाव नाही, धोबी नाहीत, चर्चगेटला गेट नाही.

अवांतर: त्या तहाने अफूही कायदेशीर झाली ना? माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच जायची. हानखौलाही आपलीच अफू?

---

पाणवठा

गौरीताई, हो, १८५८च्या करारात अफूवर पेटीमागे जकात बसवून ती राजरोस केली. पण हानखौ वेगळ्या कारणाने वाचलं म्हणा किंवा जास्त बुडालं म्हणा. वरच्या अंगाला सिचुआन. तिथे खुद्द चिनी शेतकऱ्यांनी खसखस लावली आणि ती स्वस्त अफू नदीवाटे खाली येऊ लागली. भारतीय अफूचा तिथे फारसा टिकाव लागला नाही.

उलट भारताने हानखौला खरा धक्का दिला तो चहात. १८६०-७०च्या दशकांत नव्या हंगामाचा चहा घेऊन जहाजं हानखौहून थेट लंडनला सुटायची, आधी कोण पोचतं याच्या शर्यती लागायच्या. मग आसाम आणि सिलोनचा चहा आला आणि लंडनचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. हानखौ तगलं ते रशियनांवर. त्यांनी वाफेच्या यंत्रांनी चहाच्या विटा पाडायचे कारखाने काढले. दगडासारखी घट्ट वीट, वर छाप. मंगोलिया-सैबेरियात ती पैशासारखी चालायची. १८९१ मध्ये युवराज निकोलस (पुढचा शेवटचा झार) मुद्दाम हानखौला येऊन गेला. रशियात क्रांती झाली आणि हा धंदा बसला. चहाच्या व्यापाऱ्यांची मोठमोठी घरं अजून आहेत, खाली कॅफे निघालेत.

---

भटकभवानी

वाचतेय. वाचनखूण साठवली. छोटे परिच्छेद पाडा हो, फोनवर वाचताना डोळे जातात.

---

रानवारा

धागाकर्त्याने १९११ एका ओळीत तरी घ्यायला हवं होतं. चीनचं साम्राज्य ज्या ठिणगीने पेटलं ती हानखौची. ९ ऑक्टोबर १९११ला रशियन हद्दीतल्या एका घरात क्रांतिकारक बाँब तयार करत असताना स्फोट झाला, रशियन पोलीस आले, नावांच्या याद्या सापडल्या आणि चिनी सरकारकडे गेल्या. आता पकडले जाणारच म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे वुछांगला सैनिकांनी उठाव केला. तुमच्या भाषेत सांगायचं तर कट इकडे, बंड पलीकडे. परक्यांच्या हद्दीत चिनी पोलिसाला शिरता येत नसे, म्हणून तर बाँब तिथे! मग बादशाही फौजेने हानखौ परत घेताना चिनी वस्तीला आग लावली. काही दिवस गाव जळत होतं. परक्यांच्या हद्दी बचावल्या.

दुसरी गोष्ट १९२७ची, आणि ती मराठी वाचकाला जवळची आहे. त्या जानेवारीत हानखौच्या जमावाने ब्रिटिश हद्दीत शिरून ती ताब्यात घेतली. ब्रिटिशांनी गोळीबार करून ती टिकवायचं टाळलं. १९ फेब्रुवारीला वुहानमधल्या राष्ट्रवादी सरकारचे परराष्ट्रमंत्री यूजीन चेन (जन्म त्रिनिदादचा) आणि ब्रिटिशांचे ओमॅली यांच्यात करार झाला, हद्द परत. त्याच वसंतात कॉमिंटर्नचे (मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेचे) प्रतिनिधी म्हणून हानखौत कोण होतं? मानवेंद्रनाथ रॉय. मॉस्कोहून आलेली गुप्त तार त्यांनी त्या वुहान सरकारच्या नेत्याला, वांग जिंगवेईला दाखवली. हेतू असा की तो बरोबर राहील. झालं उलटं, जुलैत वांगने कम्युनिस्टांशी संबंध तोडले. रॉय यांच्या राजकीय आयुष्यातली ही सर्वांत महाग पडलेली चूक. पुढे भारतात त्यांना जे जिवाभावाचे साथी मिळाले त्यांत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, तारकुंडे अशी आपली मंडळी होती.

त्या फाटाफुटीनंतर ७ ऑगस्टला कम्युनिस्ट पक्षाची तातडीची बैठक झाली, तीही हानखौतच, जुन्या रशियन हद्दीतल्या एका घरात. बंदुकीतून सत्ता येते या अर्थाचं माओचं बोलणं त्या बैठकीतलं.

---

खडूस_खरे

रॉय यांचा किस्सा माहीत होता, गाव माहीत नव्हतं. धन्यवाद. बाँबचं घर रशियन हद्दीत हे मात्र पटलं. ज्या गावात पाच कायदे, तिथे चोराला कायदा निवडता येतो.

---

निवृत्त_नायब

परत घेतलेल्या हद्दी लगेच शहरात विलीन झाल्या का?

---

रानवारा

लगेच नाही, साहेब. त्यांना 'विशेष जिल्हे' केलं. जर्मन हद्द १९१७ला परत आली तो पहिला, रशियन हद्द १९२० नंतरच्या दशकात आली तो दुसरा, ब्रिटिशांचा तिसरा. तिसऱ्यात चिनी प्रमुख आणि त्याच्या हाताखाली चिनी-ब्रिटिश सदस्यांचं मंडळ. करदाते तेच, गटारं तीच, साइनबोर्ड बदलला. फ्रेंच आणि जपानी हद्दी दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकल्या.

---

शेवंता_सोलापूर

माझं माहेर सोलापूर, त्यामुळे हानखौ हे नाव लहानपणापासून कानावर आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते, अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चोळकर नागपूरचे. १ सप्टेंबरला मुंबईहून बोटीने निघाले, कँटनला उतरले आणि सप्टेंबरअखेर हानखौला पोचले. तेव्हा राजधानी नानजिंग पडलेलं, चीन सरकारचा बराचसा कारभार वुहानमधूनच चालायचा, आणि जपानी फौज नदीने वर सरकत होती. झौ एनलाय यांची आणि या डॉक्टरांची भेट हानखौतलीच. ऑक्टोबरच्या शेवटी वुहान पडलं, त्याआधीच पथकाला वरच्या अंगाला यीछांगला हलवलं होतं. पुढे छोंगछिंग आणि मग येनान. कोटणीस परत आलेच नाहीत, ९ डिसेंबर १९४२ला तिकडेच गेले, वय बत्तीस.

शाळेत आम्हाला हे सगळं पाठ होतं, पण हानखौ म्हणजे कुठलंसं रणांगण असावं असंच वाटायचं. तिथे चहा, गावक्या आणि जकात होती हे आज कळलं.

आता तो पूर लिहा बघू.

---

पाणवठा

शेवंताताई, कोटणीसांचं मी लेखात घ्यायला हवं होतं, चुकलंच.

पूर. हिवाळ्यात यांगत्से इतकी खाली जाते की धक्क्यावरून बोटीपर्यंत जायला लांबच लांब पायऱ्या उतराव्या लागायच्या. उन्हाळ्यात तीच नदी दहा-बारा मीटर वर. म्हणून हानखौचे धक्के तरंगते. १८६५ मध्ये कस्टम्सने नदीकाठी पाण्याची उंची मोजायची पट्टी बसवली आणि रोज नोंद सुरू केली. इथे मी पंपवाला म्हणून भावूक होतो. राज्यं बदलली, पट्टीची नोंद चालू राहिली. १९२४ मध्ये कस्टम्सची नवी घड्याळाची इमारत झाली, ती आजही काठावर दिमाखात उभी आहे आणि लोक भेटायची जागा म्हणून तिचंच नाव सांगतात.

१९३१च्या उन्हाळ्यात पाऊस थांबेना. जुलैच्या शेवटी-ऑगस्टच्या सुरुवातीला दानशुईछी भागात रेल्वेचा बांध फुटला आणि पाणी हानखौत मागच्या दाराने आलं. झांगसाहेबाच्या बांधाने जी बशी तयार केली होती, तीच भरली. १९ ऑगस्टला पट्टीवर २८.२८ मीटर (शांघायजवळच्या वूसोंगच्या शून्यापासून). बँकांच्या दारात होड्या, पाणी उतरायला महिने, आणि बुडून मेलेल्यांपेक्षा पटकी-हगवणीने मेलेले जास्त. अवांतर: त्याच सुमारास वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग बायकोसह चीनला आला होता आणि त्याने पुराची हवाई पाहणी केली. हानखौला ब्रिटिश विमानवाहू जहाजावरून त्याचं विमान नदीत उतरवताना उलटलं, दोघंही गढूळ पाण्यात. वाचले.

१९५४ला पाणी त्याहून वर, २९.७३ मीटर. आजवरचा उच्चांक. त्या वेळी शहरातले लाखो लोक बांधावर माती टाकायला लावले आणि हानखौ वाचवलं. त्यासाठी वरच्या अंगाची खेडी आणि शेतं मुद्दाम पाण्याखाली सोडली, हे मात्र नदीकाठच्या उंच स्मारकासमोर उभं राहून कळत नाही. १९९८ला २९.४३. मी गेलो तेव्हा जुने धक्के जवळजवळ गेलेले, त्या जागी लांबच लांब बाग. कंटेनर आता खालच्या अंगाला यांगलुओ बंदरात उतरतात. बंदर गेलं, पट्टी आहे.

---

एमबीबीएस_वुहान

मी पाच वर्षं तिथे शिकायला होतो, थोडी भर घालतो. इतिहास सरांनी सांगितलाच, आजचा कारभार कसा चालतो ते सांगतो.

वुहानमध्ये तेरा जिल्हे, सात शहरातले आणि सहा बाहेरचे. जिल्ह्याखाली 'जिएदाओ' म्हणजे रस्ता-कार्यालय, त्याखाली 'शेछू', आपल्या भाषेत वाडी-समिती समजा. परदेशी माणूस हॉस्टेलबाहेर खोली घेऊन राहिला की चोवीस तासांत पोलीस चौकीत नोंद. माझी खोली जिआंगहानमध्ये होती. शेछूच्या काकू आठवड्यात मला नावाने ओळखायला लागल्या. गॅस तपासणी, पाण्याची नोटीस, घरमालकाशी भांडण, सगळं त्यांच्याकडे. महापौर कोण हे मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, काकूंचा नंबर पाठ होता.

२०२०च्या जानेवारीत शहर बंद झालं तेव्हा मी सुट्टीसाठी घरी आलेलो. माझे बरेच मित्र तिथे अडकले, ३१ जानेवारीनंतर एअर इंडियाच्या दोन विमानांनी परत आले. माझा चिनी रूममेट तिथेच राहिला, ८ एप्रिलपर्यंत. त्याला भाजी, औषध, दाराशी आणून देणारी तीच समिती, आणि दार बंद ठेवणारीही तीच. तो दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगतो.

---

गिरगावची_गौरी

वाचताना वाटलं, तुमच्या शेछूच्या काकू म्हणजे त्या माणुसकी-न्यायवाल्या फौजदाराच्या वारस. जिआंगआन नावाचा अर्थ काय?

---

पाणवठा

'नदीकाठ', बस्स. गुणबिण काही नाही. पाच परकीय हद्दी होत्या तो सगळा काठ आज याच जिल्ह्यात आणि वुहान महापालिकेचं मुख्य कार्यालयही. १९२३ मध्ये बेजिंग-हानखौ रेल्वेच्या कामगारांचा संप झाला आणि ७ फेब्रुवारीला वू पेईफू या लष्करशहाच्या सैन्याने तो गोळ्यांनी मोडला, तोही जिआंगआनच्या रेल्वे कारखान्याशी. त्यामुळे चिनी पाठ्यपुस्तकात या नावाला वजन आहे.

---

भटकभवानी

खायला काय मिळतं ते कुणीच सांगितलं नाही.

---

एमबीबीएस_वुहान

रेगानमिएन! उकडून तेल लावून ठेवलेल्या शेवया, ऐन वेळी गरम पाण्यात बुडवून वर तिळाची दाट चटणी, मुळ्याचं लोणचं, मिरची. सकाळी लोक कागदी वाटीत घेऊन चालता चालता खातात. शाकाहारींना चालते, फक्त वर काय टाकतायत ते बघा. मी वर सोलापुरी शेंगा चटणी टाकून खायचो, शेवंताताईंनी माफ करावं.

---

शेवंता_सोलापूर

माफ कसली, शाबासकी देते.

---

निवृत्त_नायब

एक शेवटचं. हानखौ हे नाव आता सरकारी कागदावर नाही म्हणता, मग लोकांच्या तोंडून ते जाईल का पुढच्या पिढीत?

---

एमबीबीएस_वुहान

काका, जाणं शक्य नाही, कारण त्याच्यावाचून गाडी चुकते. शहरात तीन मोठी स्टेशनं: वुहान, वुछांग आणि हानखौ. टॅक्सीत बसलं की ड्रायव्हर पहिला प्रश्न विचारतो, कुठलं? पहिल्या वर्षी मी ऐटीत 'वुहान स्टेशन' म्हणालो, शहराचंच नाव ना! नदी ओलांडून पार पूर्वेच्या टोकाला पोचलो आणि तिकिटावर बघतो तर हानखौ. माझी गाडी त्या तीरावरून सुटली, मी या तीरावर.